सॅम्सनचा पाणक्या

सेजबेंच गावात सोरेन मॅडसन नावाची तीन माणसं होती. तिघंही डेन्मार्कची, तिघंही दाढीवाली, आणि तिघंही रविवारी सभेत डावीकडच्या बाकांवर बसणारी. एकाला हाक मारली की तिघंही ओ देत. गावानं त्यावर उपाय काढला. सहा फूट चार इंचवाला तो लांब सोरेन. सगळ्यात शेवटी आला तो नवा सोरेन, आणि त्याला येऊनही बावीस वर्षं उलटली होती. तिसऱ्याच्या अंगावर खूण म्हणून सांगावं असं काहीच नव्हतं. उंची बेताची, बोलणं बेताचं, पीक बेताचं. त्याला गाव नुसतंच सोरेन म्हणे. १९११ सालच्या वसंतात, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यालाही एकदाचं नाव मिळालं. ही त्याचीच हकीकत.

या माणसाच्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी उजवा हात वर करून झाल्या. युटाच्या आमच्या भागात पद्धतच तशी आहे. रविवारच्या प्रार्थनासभेत बिशप, म्हणजे आमच्या पंथाचे गावातले प्रमुख, उठतात, हातातला कागद वाचतात आणि म्हणतात, "ज्यांची संमती असेल त्यांनी उजवा हात वर करावा." सगळे हात वर जातात. मग बिशप म्हणतात, "ज्यांची नसेल त्यांनीही तसंच करावं," आणि म्हणता म्हणताच कागदावरच्या पुढच्या ओळीकडे वळतात, कारण तो हात कधी कोणी वर करत नाही. गाव वसल्यापासून एकतीस वर्षांत कोणी केला नव्हता. हा प्रश्न विचारलेला आहे हेच लोक विसरले होते. त्यांच्या लेखी ते वाक्याचं शेपूट होतं.

सोरेननं हात वर केला आणि त्याची खालच्या ओलिताच्या जमिनीवरून वरच्या कोरड्या पठारावर रवानगी झाली. त्याचा आवाज सुरात लागत नाही म्हणून गायनमंडळातून त्याला मोकळं करायचं ठरलं, तेव्हाही संमतीचा पहिला हात त्याचाच होता. एका जुलैत त्याला बाकावर डुलकी लागली आणि झोपेतच हात वर गेला. त्या वेळी बिशप फक्त खिडकी उघडायला सांगत होते. शेवटी सोरेनलाच उठून खिडकी उघडावी लागली.

"तुमचा हात म्हणजे पंपाचा दांडा झालाय," त्याची बायको मारेन म्हणायची. "कोणीही यावं आणि हलवावं."

"सगळ्यांनी केला," सोरेन म्हणायचा.

"सगळ्यांच्या गर्दीत तुमचा एक नसता तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"तूही केलास की."

"मी तुमच्या शेजारी बसते ना! तुमचा झटक्यात वर जातो, त्याच्याबरोबर माझी बाही ओढली जाते." एवढं बोलून मारेन पडदा ओढायची आणि कॉफी करायची. कॉफी आमच्या पंथात निषिद्ध आहे. म्हणून डॅनिश घरांत तिला जवाचं पेय म्हणतात, आणि बिशप आले की एक कप जवाचं पेय तेही घेतात.

तीन मुली लग्न होऊन गेल्या होत्या. घरात उरली होती दोघं नवराबायको आणि तबेल्यात दोन घोड्या. डॅगमार आणि थायरा, जुन्या डॅनिश राण्यांच्या नावांच्या. दोघी सख्ख्या बहिणी, अंगानं राखी रंगाच्या. सोरेननंच त्यांना हातानं दूध पाजून वाढवलेलं. डॅगमार पुढची, हट्टी, कामाला वाघीण. थायरा तिच्याकडे बघून पाऊल टाकणारी. या दोघींनी त्याची शंभर एकर जमीन चौदा वर्षं नांगरली. सोरेन माणसांशी जेवढं बोलत नसे तेवढं त्यांच्याशी बोले, आणि तेही डॅनिशमध्ये, कारण त्यांना इंग्रजी येत नाही अशी त्याची समजूत होती.

आता आमच्या शेतीबद्दल. सेजबेंचला ना नदी, ना पाट, ना विहीर. चार मैल खाली उतारावर एक झरा आहे, तिथून प्यायचं पाणी पिंपांनी आणायचं. बाकी शेती बिनपाण्याची. हिवाळ्यातलं बर्फ जमिनीत जिरवायचं, ओल उडून जाऊ नये म्हणून वर धुळीचा थर राखायचा आणि गहू काढायचा. शेतकी कॉलेजचे एक प्राध्यापक दर वर्षी येऊन आमची पाठ थोपटून जात. "तुम्ही पाण्याची गुलामी झुगारून दिलीत," असं ते म्हणाले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हापासून खालच्या खोऱ्यातल्या ओलितवाल्यांकडे आम्ही जरा दयेनंच बघत आलो. बिचारे पाण्याला मिंधे! 'पाणी' हा शब्द आमच्यात थोडा हलका मानला जाऊ लागला. एखाद्याच्या शेतात ओल जास्त राहिली तर तो संकोचायचा.

अशा गावात बिशप हायरम ऑलरेड यांच्या हातात एक रंगीत चित्रांचं पुस्तक पडलं. बिशप मोठ्या मनाचे गृहस्थ. चारचौघांचं भलं करण्याची त्यांना जन्मजात घाई होती. पुस्तकात वाफेच्या इंजिनाचं चित्र होतं. मागे दहा फाळांचा नांगर, आणि दुसऱ्या पानावर तेच इंजिन गहू कापून जागच्या जागी मळणारं भलंमोठं यंत्र ओढताना. खाली छापलं होतं की हे इंजिन काम नसताना खात नाही, थकत नाही आणि लाथ मारत नाही.

समिती नेमली गेली. समितीनं तीन महिने खपून इंजिनाला काय काय लागेल याची यादी केली. कोळसा, तेल, ग्रीस, पट्टे, सुटे दात, कॅनव्हासची ताडपत्री, इंजिनवाल्याला निळी टोपी. लोरेन्झो टटल नावाच्या तरुणाला तीन आठवडे शहरात शिकायला पाठवलं आणि तो टोपी घालूनच परत आला. यादी बिशपांनी सभेत वाचली तेव्हा तिला दोन पानं लागली. त्या दोन पानांत पाणी नव्हतं. समितीत सात जण होते, सातही जण जन्मभर बिनपाण्याची शेती केलेले. पाणी लिहायचं असतं हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

इंजिन घ्यायच्या ठरावाचं तिसरं कलम होतं, 'घोड्यांचा जमाना संपला असल्यानं गावातल्या घोड्यांची हळूहळू विल्हेवाट लावावी.' सोरेननं ते ऐकलं. पण तोवर हात वर गेलेला होता.

मार्चच्या शेवटी इंजिन रेल्वेनं आलं. बिशपांनी त्याचं नाव सॅम्सन ठेवलं. बायबलातल्या त्या महाबली सॅम्सनला एकदा मरणाची तहान लागते, ही गोष्ट त्या दिवशी बिशपांना आठवली नाही. बॅन्ड वाजला, प्रार्थना झाली. सॅम्सननं अशी काही शिटी मारली की नवा सोरेन बाकावरून खाली पडला. स्टेशनातल्या पाण्यावर सॅम्सन गावापर्यंत आला आणि दहा फाळ लावून अर्धा एकर नांगरून थांबला. लोकांना वाटलं, कौतुकासाठी थांबला.

लोरेन्झो खाली उतरला. "पाणी," तो म्हणाला.

लांब सोरेननं त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

"मला नाही हो! इंजिनाला."

"किती लागतं त्याला?" बिशपांनी विचारलं.

"दिवसाला दोन हजार गॅलन. काम जड असेल तर जास्त."

दोन हजार गॅलन पाण्यात अख्खं सेजबेंच महिनाभर आंघोळी करून वर चेहरे धुवू शकलं असतं. लोक एकमेकांकडे बघू लागले. समितीचे सात जण जमिनीकडे बघू लागले. लोरेन्झो ओरडला, "अहो, आत भट्टी पेटलीय! पाणी खाली गेलं तर बॉयलर फुटेल, आपण सगळे आकाशात जाऊ!"

मग धावाधाव झाली. घराघरांतून पिंपं आली, कळश्या आल्या. मारेनचं धुण्याचं पाणी साबणासकट सॅम्सनच्या पोटात गेलं आणि तासभर त्याच्या धुरांड्यातून पांढरा फेस येत राहिला. बिशपांनी घाम पुसून विचारलं, "टाकीगाडी ओढतील असे घोडे कोणाकडे आहेत? हात वर करा."

सोरेनचा हात सवयीनं वर गेला. लांब सोरेनचाही गेला. त्या दिवसापासून नुसता सोरेन हा पाणक्या सोरेन झाला. घोडा नको म्हणून आणलेल्या यंत्रासाठी चार घोडे पाणी ओढू लागले, आणखी चार स्टेशनातून कोळसा, आणि दोन लोरेन्झोचा जेवणाचा डबा व सुटे भाग. बिशप येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत, "आता आमच्या गावात नांगराला एकही घोडा नाही." हे शब्दशः खरं होतं.

टाकीगाडी पाचशे गॅलनची. जाताना उतार, झऱ्यावर हातपंपानं पाऊण तास भरायचं, येताना चार मैल चढ. दिवसाच्या चार खेपा. दोन सोरेन मिळून त्या भागवत. सॅम्सनला पाणी हवं झालं की लोरेन्झो तीन आखूड शिट्या मारी. हळूहळू सोरेनला त्या शिट्यांचा एवढा धसका बसला की किटलीतून वाफेचा आवाज आला तरी तो टोपीकडे हात नेई.

एप्रिलात एकदा टाकी थोडी कमी भरलेली आली आणि सॅम्सन ऐन कामात अडला. चौकशी झाली. लांब सोरेननं वाटेत घोड्यांना चार बादल्या पाजल्या होत्या. बिशपांनी लगेच नियम केला, की टाकीतलं पाणी कंपनीचं, म्हणजे इंजिन घेणाऱ्या गावच्या भागीदारीचं आहे, वाटेत नळ उघडायचा नाही. घोड्यांनी झऱ्यावर काय प्यायचं ते पिऊन घ्यावं. नियम सभेत वाचला गेला. हात वर गेले. म्हणजे पाचशे गॅलन पाणी ओढणाऱ्या जनावराला त्यातला एक घोट मिळायचा नाही, आणि हे शहाणपणाचं आहे यावर गावाचं एकमत झालं. या एकमताची मला आजही चीड येते.

जूनमध्ये बिशपांनी हिशेब मांडला की सॅम्सनचं आता बस्तान बसलंय, तेव्हा चार घोड्यांची चैन कशाला. लांब सोरेनची जोडी विकली गेली. लांब सोरेननंही हात वर केला, आणि घरी जाऊन रिकामा तबेला झाडत बसला.

मग ऑगस्ट आला. त्या वर्षी गहू एकदम पिकला आणि ऊन असं पडलं की ओंब्या हात लावताच झडू लागल्या. आठवड्याभरात कापून झालं नाही तर पीक मातीत जाणार होतं. सॅम्सन सकाळी चारला सुरू व्हायचा आणि दिवस मावळेपर्यंत चालायचा. मागे कापणी-मळणीचं यंत्र खडखडायचं, पोत्यांमागून पोती पडायची. ते दृश्य बघायला खालच्या खोऱ्यातून ओलितवाले बग्ग्या जोडून येत. बिशप त्यांना फिरवून दाखवत. सोरेन मात्र दोन घोड्यांवर चारांचं पाणी ओढत होता.

अकरा तारखेची तिसरी खेप होती. अर्धा चढ चढल्यावर डॅगमार थांबली. तिनं मान वळवून टाकीकडे बघितलं. जनावराला पाण्याचा वास येतोच. आत पाणी डुचमळत होतं, नळाच्या तोंडाशी थेंब लोंबत होते आणि खाली फुफाट्यात पडून नाहीसे होत होते. ती तशीच उभी राहिली. तिच्या अंगावर घाम येऊन वाळला होता, मिठाचे पट्टे पडले होते.

"चल बाई," सोरेन म्हणाला. "दोन मैल. मग सावली."

वरून तीन आखूड शिट्या आल्या.

सोरेन खाली उतरला. बादली गाडीला टांगलेलीच होती. नळ हाताच्या अंतरावर होता. आसपास दोन मैलांत कुणी चिटपाखरू नव्हतं. तो नळापाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे सभा उभी राहिली, बिशपांचा कागद, वर गेलेले सगळे हात आणि त्यांतला आपला हात. पुन्हा तीन शिट्या आल्या. त्यानं आपला रुमाल नळाखाली ओला करून तिचं तोंड पुसलं. तेवढंच केलं, आणि गाडीवर चढला.

डॅगमार निघाली. ती नेहमीसारखी पुढे राहिली, थायराचाही भार तिनं घेतला. अर्ध्या मैलावर सॅम्सन दिसू लागला तेव्हा तिचे गुडघे वळले. ती बसली, मग आडवी झाली. सोरेननं तिचा साज सोडेपर्यंत सगळं संपलं होतं.

लोरेन्झो पळत आला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या मागे भट्टी पेटलेली होती. "टाकी सांडली नाही ना?" त्यानं विचारलं.

"नाही," सोरेन म्हणाला.

दहा माणसांनी टाकीगाडी उरलेला अर्धा मैल ढकलत नेली. सॅम्सन पाणी प्याला आणि दुपारच्या कापणीला लागला. संध्याकाळी बिशप स्वतः सोरेनच्या घरी आले. टोपी हातात घेऊन, खरोखर वाईट वाटून म्हणाले, "ब्रदर मॅडसन, तुमची घोडी कामी आली. एक पोतंही वाया गेलं नाही." मारेननं त्यांना त्या दिवशी जवाचं पेय विचारलं नाही.

पुढचे काही आठवडे खालच्या ओलितवाल्यांकडून भाड्याच्या जोड्या आणून पाणी ओढलं. पाण्याला मिंधे असलेल्यांपुढे असं हात पसरणं बिशपांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी पुन्हा रंगीत पुस्तक उघडलं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी लोरेन्झो निळी टोपी मागे सरकवून सोरेनच्या कुंपणाशी आला.

"ब्रदर सोरेन, सुटलात बघा तुम्ही! उद्या ठराव येतोय. दुसरं इंजिन."

"नांगराला?"

"छे! पाणी आणायला. टाकी त्यालाच जोडायची. मग उरलेले सगळे घोडे गुरुवारी शहरातला व्यापारी घेऊन जाणार. तुम्ही आरामात झोपा काढा."

"व्यापारी कसला?"

लोरेन्झोनं टोपी पुढे ओढली. "कातड्याचा," तो म्हणाला. "म्हातारे घोडे दुसरं कोण घेतं, सांगा?"

थायरा कुंपणाला मान घासत होती. बहिणीसाठी ती अजून डाव्या बाजूला जागा सोडून उभी राहायची.

घरात मारेन कॉफी ओतत होती. सोरेननं सगळं सांगितलं. ती पडदा ओढायचं विसरली.

"उद्या हात खाली ठेवा," ती म्हणाली. "एवढंच करा. आयुष्यात एकदा तो हात मांडीवर ठेवा."

"खाली ठेवला तर कोणाला कळणार?"

"मग काय करणार?"

"बिशप दोनदा विचारतात," सोरेन म्हणाला. "दुसऱ्यांदाही वरच करायचा असतो."

मारेननं किटली खाली ठेवली.

रविवारी सभाघर भरलेलं होतं. बाहेर सॅम्सन आणि त्याची भरलेली टाकीगाडी दिमाखात उभी होती. सोमवारपासून नांगरणी होती, आणि शिवाय बिशपांना सॅम्सन सभाघराशेजारी शोभून दिसतो असं वाटे. थायराची छोटी गाडी कुंपणाला बांधलेली होती. बिशपांनी कागद वाचला. पाणी आणण्यासाठी दुसरं इंजिन. उरलेल्या घोड्यांची विक्री.

"ज्यांची संमती असेल त्यांनी उजवा हात वर करावा."

हात वर गेले. मारेननं आपला उजवा हात डाव्या हातानं मांडीवर घट्ट धरून ठेवला.

"ज्यांची नसेल त्यांनीही तसंच करावं. धन्यवाद, एकमतानं मंजूर. आता बटाट्यांच्या वाटपाविषयी..."

सोरेनचा हात वर होता. बिशपांनी वर पाहिलंच नाही. त्यांनी बटाटे वाचले, आजाऱ्यांची नावं वाचली, शेवटचं गाणं सांगितलं. सोरेनचा हात तसाच. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. लांब सोरेन कानाशी वाकून म्हणाला, "अरे सोरेन्या, मत झालं! खाली घे."

"माझं नाही झालं," सोरेन म्हणाला.

गाणं चार कडव्यांचं होतं. दुसऱ्या कडव्याला त्याचा हात खाली झुकू लागला. जन्मभर नांगर धरलेला आणि सहा महिने पंप मारलेला खांदा, तो किती वेळ टिकणार? तिसऱ्या कडव्याला मारेन जरा सरकली आणि तिनं त्याच्या कोपराखाली आपला खांदा दिला. गाणं मात्र तिनं थांबवलं नाही. तिचा आवाज सुरात होता.

शेवटची प्रार्थना झाली. सगळ्यांनी डोळे उघडले, आणि बिशपांना तो हात दिसला.

"ब्रदर मॅडसन," ते प्रेमानं म्हणाले, "तुम्हाला बाहेर जायचंय का?"

"नाही बिशप. मी विरोधात आहे."

एक पोर खुदकन हसलं आणि आईनं त्याचं तोंड दाबलं. कारकुनानं वहीतून मान वर काढली. संमती नसलेला हात कुठे लिहायचा याची त्याच्या वहीत जागाच नव्हती.

"कशाच्या विरोधात?" बिशपांनी विचारलं. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

सोरेन उठून उभा राहिला. हात अजून वरच. "मी रोज त्या रस्त्यानं जातो बिशप. इंजिन ताशी अडीच मैल चालतं. झऱ्यापर्यंत जाताना दीडशे गॅलन पिईल. भरलेली टाकी घेऊन चढताना दोनशे. पाचशेतले दीडशे घेऊन ते वर येईल. सॅम्सन ते तासाभरात संपवेल." तो थांबला. एवढं तो सभेत कधीच बोलला नव्हता. "म्हणजे त्या दुसऱ्या इंजिनाला पाणी कोण आणणार?"

बिशपांनी लोरेन्झोकडे बघितलं. लोरेन्झोनं निळी टोपी मांडीवर गोल फिरवली. तोंडातल्या तोंडात त्यानं आकडे लावले.

"तिसरं लागेल," तो शेवटी खालच्या आवाजात म्हणाला.

पहिला हसला तो नवा सोरेन. मग डावीकडचे बाक हसले, मग उजवीकडचे, आणि शेवटी समितीचे सात जण, जे सगळ्यात मोठ्यानं हसले. बिशपांचा चेहरा लाल झाला. पण वर म्हटलंच आहे, ते मोठ्या मनाचे होते. त्यांनी कागद फाडला.

"ठराव मागे. घोडे राहतील. ज्यांची संमती असेल त्यांनी..."

सगळे हात वर गेले. मघाशी व्यापाऱ्याला घोडे द्यायला वर गेलेले तेच हात, त्याच उत्साहानं. कोणाला काही वाटलं नाही. कारकुनानं वहीत आधीच्या ठरावापुढे लिहिलं, 'एकमतानं मंजूर, ब्रदर सोरेन मॅडसन वगळून.' कुठला सोरेन ते लिहायचं राहिलं. पुढे अनेक वर्षं लांब सोरेन आणि नवा सोरेन दोघंही तो मान आपापल्याकडे घेत आले.

लोक पायऱ्यांवर जमून बोलत होते. कोणी सोरेनच्या पाठीवर थाप मारली. तो थांबला नाही. सरळ टाकीगाडीपाशी गेला, बादली काढली आणि सगळ्यांच्या देखत नळ उघडला. कंपनीचं पाणी बादलीत पडू लागलं, त्याचा आवाज शांत दुपारी पायऱ्यांपर्यंत ऐकू आला. लोरेन्झोनं तोंड उघडलं. बिशपांनी त्याच्या दंडाला धरलं.

बादली काठोकाठ भरली. सोरेननं ती दोन्ही हातांनी उचलून थायरापुढे ठेवली.

थायरानं हुंगलं. ओठ पाण्याला लावले, मग मान वर करून सोरेनकडे बघितलं. सकाळीच घरी पोटभर प्यायलेली होती ती.

सोरेन वाट बघत उभा राहिला. मारेन येऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. "अहो, तिला तहान नाही," ती हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे," सोरेन म्हणाला. त्याच्यानं बादली उचलवेना. तहान लागली होती ती दुसरीला, ऑगस्टात.